हक्कसोडपत्र, पंच आणि कन्येचा वाटा

वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी घराच्या उंबरठ्याआतच व्हावी, भाऊबंदकीची चर्चा पेठेत होऊ नये, ही महाराष्ट्रातील जैन कुटुंबांची जुनी रीत आहे. सांगली-कोल्हापूरकडील शेतकरी श्रावकाचे घर असो वा पुणे-नाशिककडील एखादी व्यापारी पेढी, वाद उभा राहिला की समाजातील दोन-तीन जाणत्या गृहस्थांना बोलावणे धाडले जाते. बैठक बसते, चोपड्या उघडल्या जातात, सातबाराचे उतारे मांडले जातात आणि पंच सांगतील ते मान्य करून मंडळी उठतात. पुष्कळदा या निर्णयाचा कागदही होत नाही. झाला तरी तो कपाटात राहतो.

या रीतीमागे शहाणपण आहे, हे नाकारता येणार नाही. वाटणीचा दिवाणी दावा एका पिढीने दाखल करावा आणि निकाल दुसरीने ऐकावा, हा अनुभव विरळा नाही. तोवर जमीन पडीक राहते, दुकानाची पत उतरते, विहिरीच्या पाण्यावरून पोलीस ठाणे गाठले जाते. पंचांसमोर मात्र आठ-दहा बैठकांत गुंता सुटू शकतो. कोणी आईवडिलांचे आजारपण काढले, कोणी कर्जाचा भार उचलला, कोणाच्या नावावर नुसतेच घर आहे, या गोष्टी पंचांना सांगाव्या लागत नाहीत. त्यांना त्या ठाऊक असतात. न्यायालयाच्या नोंदवहीत न मावणारे पुष्कळ सत्य अशा बैठकीत विचारात घेतले जाते.

पण या बैठकीला कोण बसलेले असते, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. पंच बहुधा पुरुष असतात, वादी-प्रतिवादी भाऊ असतात. बहीण सासरी असते आणि आई स्वयंपाकघरात. निर्णय झाल्यावर बहिणीला सहीसाठी निरोप जातो. संसदेने दिलेली समता या बंद दाराच्या बैठकीत टिकते की नाही, यावर कौटुंबिक लवादाचे भवितव्य अवलंबून आहे.

समता आकड्यांत

कायद्याने काय बदलले हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका घरात बारा एकर वडिलोपार्जित शेती आहे असे समजावे. वडील मृत्युपत्र न करता वारले; मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या मूळ रचनेनुसार मुलगी सहदायाद नव्हती. मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे मानले जाई. वडील, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा मिळे आणि वडिलांच्या वाट्याच्या तीन एकरांतच चौघे वारस समान भागीदार होत. मुलीच्या पदरी एकूण एक षोडशांश, म्हणजे ३० गुंठे येत. भावांना प्रत्येकी पावणेचार एकर.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून मुलीला जन्मतःच सहदायाद ठरवले. मात्र त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी विवाह झालेल्या मुलींना या हक्कातून वगळले. पुढे संसदेची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि विवाहित-अविवाहित हा भेद संपला. राहत्या घराची वाटणी मागण्यापासून स्त्री-वारसांना रोखणारे २३ वे कलमही याच दुरुस्तीने गळाले. आता त्याच बारा एकरांत वडील, आई, दोन मुलगे आणि मुलगी असे पाच समान हिस्से पडतात. वडिलांचा पाचवा हिस्सा पुन्हा चौघांत विभागला जातो. हिशेब अंती एक चतुर्थांशावर येतो: आई, दोन भाऊ आणि बहीण, प्रत्येकी तीन एकर. ३० गुंठ्यांपासून तीन एकरांपर्यंतचे हे अंतर म्हणजे कायद्यातील समतेचा जमिनीवरचा अर्थ होय.

२००५ साली वडील हयात असणे आवश्यक आहे काय, यावर काही वर्षे मतभेद होते. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा खटल्यात त्यावर पडदा टाकला. मुलीचा हक्क जन्मसिद्ध आहे, वडील त्या दिवशी हयात असणे जरुरीचे नाही, असा तो निर्णय. त्यातील आणखी एक भाग पंचांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. 'आमची तोंडी वाटणी कधीच झाली होती' हा बचाव न्यायालय सहजासहजी स्वीकारणार नाही. त्याला सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार लागेल. मुलींना वगळण्यासाठी मागील तारखेची वाटणी उभी करण्याची वाट त्यामुळे बरीच अरुंद झाली आहे.

जैनांना हा कायदा लागू आहे काय, अशी शंका अधूनमधून निघते. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला; तो आधार घेऊन इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जैन दांपत्यांचे हिंदू विवाह कायद्याखालील अर्ज फेटाळले. पुढच्याच महिन्यात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. विवाह कायद्यात काय किंवा उत्तराधिकार कायद्यात काय, बौद्ध, जैन आणि शीख यांचा नामनिर्देश स्पष्ट शब्दांत आहे. धर्म म्हणून जैनांचे स्वतंत्र अस्तित्व आणि कौटुंबिक बाबतीत लागू होणारा कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सहीच्या मागे काय असते

कायदा इतका स्पष्ट असताना प्रत्यक्षात मुलींच्या नावे जमीन फारशी का दिसत नाही, याचे एक उत्तर हक्कसोडपत्रात आहे. वडिलांच्या निधनानंतर वारसनोंदीत बहिणींची नावे लागतात आणि काही दिवसांतच त्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन आपला हक्क भावांच्या लाभात सोडतात. फेरफार मंजूर होतो, सातबाऱ्यावरून नावे उतरतात. हा व्यवहार बेकायदेशीर मुळीच नाही. स्वतःच्या मिळकतीचे काय करावे, हे ठरवण्याचा अधिकार बहिणीलाच आहे आणि भावावरील मायेने अनेक जणी तो आनंदाने वापरतात.

अडचण येते ती सही मायेची की भीतीची, हे कागदावरून कळत नाही तेव्हा. वाटा मागितला तर माहेर तुटेल, भाऊबीजेला बोलावणे येणार नाही, आईला भेटायला जावे तर वहिनी दारातूनच विचारपूस करील, ही धास्ती कोणी उच्चारत नाही. पण ती बैठकीत असते. 'तुझ्या लग्नात खर्च झालाच की' हे वाक्य तर ठरलेले. लग्नाचा खर्च आणि वारसाहक्क यांचा कायद्यात परस्पर संबंध नाही. भावाच्या शिक्षणाचा किंवा त्याला दुकान थाटून देण्याचा खर्च त्याच्या वाट्यातून सहसा कोणी वजा करत नाही, हेही लक्षात घ्यावे.

भावांची बाजू मात्र सरसकट लोभाची ठरवणे अन्यायाचे होईल. ज्या मुलाने वीस वर्षे तोट्यातली शेती राखली, आईचे पथ्यपाणी सांभाळले, सोसायटीचे कर्ज फेडले, त्याला समान वाटणीत आपल्या श्रमांचे मोल दिसत नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेणे आणि त्याची किंमत आकड्यांत ठरवणे हेच पंचांचे खरे कसब. त्याने फेडलेले कर्ज आणि केलेला खर्च हिशेबात धरावा, शेती एकत्र ठेवायची असल्यास बहिणीच्या वाट्याचे मूल्य हप्त्यांनी द्यावे, असे नाना मार्ग निघू शकतात. तिचा वाटा शून्य धरून बोलण्याला सुरुवात केली, तर यांपैकी एकही मार्ग सुचत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये काले खटल्यात कौटुंबिक तडजोडीला मोठे मोल दिले. घरातील कलह मिटावा म्हणून झालेली व्यवस्था न्यायालयांनी शक्यतो उचलून धरावी, असा त्या निर्णयाचा रोख आहे. पण त्याच निर्णयात अटही आहे: तडजोड प्रामाणिक हवी, मिळकतीची विभागणी न्याय्य हवी, आणि संमती स्वेच्छेची हवी, फसवणूक, बळजबरी वा अवाजवी दबाव यांचा तिला स्पर्श नसावा. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीतील 'पुढे मिळणारा' वाटा मुलीकडून लिहून घेण्याची प्रथा काही घरांत आहे. केवळ भावी आशेचे असे हस्तांतर सामान्यतः कायद्याने निरर्थक असते.

ओंटारिओचा धडा

समाजाच्या पंचांनी कौटुंबिक वाद मिटवावेत की नाही, या प्रश्नावर कॅनडातील ओंटारिओ प्रांतात २००३ ते २००६ या काळात जे मंथन झाले, ते सर्वांनी अभ्यासण्याजोगे आहे. तेथील १९९१ च्या लवाद कायद्यानुसार पक्षकारांना आपल्या वादास कोणता कायदा लागू करावा, हे ठरवण्याची मुभा होती. ज्यू समाजाची धर्मन्यायालये त्या कायद्याखाली वर्षानुवर्षे कौटुंबिक निवाडे देत होती आणि त्याविषयी फारशी चर्चा नव्हती. २००३ मध्ये एका मुस्लिम संस्थेने धार्मिक नियमांनुसार लवाद चालवण्याचा मनोदय जाहीर केला आणि वादळ उठले.

सरकारने माजी ॲटर्नी जनरल मॅरियन बॉइड यांच्याकडे अभ्यास सोपवला. डिसेंबर २००४ च्या अहवालात त्यांनी धार्मिक लवाद बंद करू नये, परंतु त्याला भक्कम संरक्षणाची कुंपणे घालावीत, अशी शिफारस केली. त्यांचा युक्तिवाद असा की, बंदी घातल्याने लवाद थांबणार नाही. तो नोंदीबाहेर जाईल आणि दुर्बल पक्षाला दाद मागण्याची जागाही उरणार नाही. विरोधी बाजूस अनेक महिला संघटना होत्या. त्यांत मुस्लिम महिलांची संघटना अग्रभागी होती. नवख्या देशात, भाषा न येणाऱ्या, कुटुंबावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या स्त्रीची 'संमती' ही संमती मानावी काय, हा त्यांचा सवाल होता.

सप्टेंबर २००५ मध्ये प्रांताचे प्रमुख डाल्टन मॅकगिंटी यांनी कौटुंबिक बाबतीत धार्मिक कायद्यावर आधारलेल्या निवाड्यांना मान्यता राहणार नाही, असे घोषित केले आणि २००६ मध्ये त्याप्रमाणे कायदा झाला. यातून लवाद संपला असे नाही. कौटुंबिक लवाद चालू राहिला, पण त्याच्या अटी बदलल्या. निवाडा ओंटारिओच्या किंवा कॅनडातील अन्य प्रांताच्या कायद्यानुसारच व्हावा. प्रत्येक पक्षाने स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतलेला असावा. लवादाचा करार वाद उद्भवल्यानंतर लेखी झालेला असावा. लग्नाच्या वेळी घेतलेली सही चालणार नाही. लवादाने प्रशिक्षण घेतलेले असावे, आणि घरातील हिंसा व सत्तेची विषमता यांची चौकशी पक्षकारांकडे स्वतंत्रपणे व्हावी. अपिलाचा हक्क कराराने सोडता येऊ नये. पंच कोणत्या धर्माचा आहे, हे कायद्याने विचारले नाही. निवाड्याचे माप मात्र सर्वांना सारखे ठेवले.

इंग्लंडने निराळा मार्ग धरला. तेथे २०१२ पासून कौटुंबिक आर्थिक वादांसाठी व्यावसायिक लवादाची रीतसर योजना आहे. लवाद म्हणून अनुभवी वकील आणि निवृत्त न्यायाधीश काम करतात आणि निवाडा देशाच्या कायद्यानुसार होतो. २०२० मध्ये तेथील अपील न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली: कौटुंबिक निवाडा चुकीचा असेल, तर त्याविरुद्ध दाद मागण्याची कसोटी व्यापारी लवादाइतकी कठोर असू नये. कापसाच्या गाठींचा सौदा आणि संसाराची मोडतोड यांना एकच मोजपट्टी लावता येत नाही, हे त्यातून ध्वनित होते.

भारतातील सीमारेषा

लवाद आणि मध्यस्थी यांतील फरक अनेक घरांत पुसट असतो. तो समजून घेणे अगत्याचे आहे. मध्यस्थ निर्णय देत नाही, तो दोन्ही बाजूंना बोलते करतो. पटले नाही तर कोणीही उठून जाऊ शकते. लवाद मात्र निवाडा देतो आणि १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्यानुसार तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येतो. तो रद्द करून घ्यायचा तर कारणे मोजकी आहेत, आणि मुदत तीन महिन्यांची. पुरेसे कारण दाखवल्यास न्यायालय आणखी तीस दिवस देऊ शकते, त्यापुढे नाही. म्हणून लवादाच्या करारावर सही करणे हे हक्कसोडपत्रावर सही करण्याइतकेच गंभीर कृत्य आहे.

लवादाकडे काय नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या बूझ ॲलन खटल्यात सांगितले आणि २०२० च्या विद्या द्रोलिया खटल्यात त्याची तत्त्वे अधिक नेमकी केली. घटस्फोट, न्यायिक विभक्तता, मुलांचा ताबा, पालकत्व आणि मृत्युपत्राचे प्रोबेट हे विषय न्यायालयाच्याच कक्षेत राहतात. समाजाच्या पंचांनी 'काडीमोड' लिहून दिला, तरी जैन दांपत्याचा विवाह त्याने संपत नाही, आणि त्या भरवशावर झालेला दुसरा विवाह उभयतांना गोत्यात आणू शकतो. पत्नीने पोटगीचा हक्क कायमचा सोडल्याचे लिहून दिले, तरी ते सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून न्यायालये मानत नाहीत. भागीदारी पेढीचा हिशेब, मिळकतीची वाटणी, दुकानाच्या नावाचा वाद हे मात्र सर्व संबंधितांच्या लेखी कराराने लवादाकडे नेता येतात.

'सर्व संबंधित' हा शब्द येथे कळीचा आहे. दोन भावांनी करार केला आणि बहिणीची सही घेतली नाही, तर तो निवाडा तिला बांधत नाही. तिचा एक चतुर्थांश तसाच उभा राहतो, आणि पंचांचा सारा खटाटोप काही वर्षांनी एका दाव्याने कोसळू शकतो. कायद्याचे १८ वे कलम पक्षकारांना समान वागणूक आणि बाजू मांडण्याची पूर्ण संधी देण्यास फर्मावते. २०१५ च्या दुरुस्तीने कोणत्याही एका पक्षाचा निकटचा नातलग लवाद होण्यास अपात्र ठरवला आहे. वाद उद्भवल्यानंतर सर्वांनी लेखी संमती दिली तरच ही अपात्रता दूर होते. थोरल्या काकांना पंच नेमताना हा नियम किती घरांत आठवला जात असेल?

२०२३ च्या मध्यस्थी कायद्याने सामुदायिक मध्यस्थीची संकल्पना आणली आहे. एखाद्या भागातील रहिवासी वा कुटुंबे यांच्यातील शांतता बिघडवणारा वाद सर्वांच्या पूर्वसंमतीने तीन मध्यस्थांपुढे ठेवता यावा, मध्यस्थांच्या निवडीत महिलांच्या प्रतिनिधित्वाचा विचार व्हावा, अशी ती योजना आहे. अशा तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मात्र कायद्याने जाणीवपूर्वक दिलेले नाही. समाजाचा शब्द समजुतीपुरता राहावा, त्याची सक्ती होऊ नये, हा त्यामागचा हेतू दिसतो. सक्तीबाबत महाराष्ट्र तर आणखी पुढे गेला आहे. सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा २०१६ चा राज्याचा कायदा २०१७ पासून लागू आहे. पंचांचे ऐकले नाही म्हणून कुटुंबाला वाळीत टाकणे हा त्याखाली तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे.

कायद्याच्या घरातही विषमतेचा एक कोपरा शिल्लक आहे. उत्तराधिकार कायद्याच्या १५ व्या कलमानुसार मृत्युपत्र न करता आणि अपत्य व पती मागे नसताना स्त्री वारली, तर तिची स्वकष्टार्जित मिळकत आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. विवाहानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या आणि सासरहून बाहेर काढलेल्या एका स्त्रीला माहेराने शिकवले, ती नोकरीला लागली. तिच्या मृत्यूनंतर तिची मिळकत २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार सासरच्या नातलगांना मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच कलमाचा विषय न्यायालयापुढे आला, तेव्हा वैधतेचा प्रश्न पुढे ठेवून न्यायालयाने स्त्रियांना मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले आणि अशा वादांत आधी मध्यस्थीचा प्रयत्न व्हावा, असे सांगितले. कमावत्या लेकीसुनांनी आपले मृत्युपत्र वेळीच करून ठेवावे, याहून सोपा उपाय आज नाही.

परंपरेचे दाखले

मुलीचा समान वाटा ही बाहेरून लादलेली कल्पना आहे, असे काही वडीलधाऱ्यांना वाटते. जैन वाङ्मय तसे सांगत नाही. नवव्या शतकातील आचार्य जिनसेन यांच्या आदिपुराणात गृहत्याग करणाऱ्या श्रावकाने आपल्या धनाची व्यवस्था कशी लावावी, हे सांगताना पुत्रांबरोबर कन्याही समान वाट्यास पात्र असल्याचा निर्देश आहे. त्याच ग्रंथात ऋषभदेव ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या कन्यांना लिपी व अंकविद्या शिकवतात. अक्षर आणि आकडा ज्या परंपरेने प्रथम मुलींच्या हाती दिला असे मानले जाते, त्या परंपरेत मुलीला हिशेबाबाहेर ठेवणे विसंगत ठरते.

विधवेच्या हक्काबाबतही जैन रूढी एके काळी इतरांच्या पुढे होती. १८७८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका जैन विधवेच्या खटल्यात, पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर तिचा संपूर्ण अधिकार आणि पतीच्या अनुमतीविना दत्तक घेण्याचा तिचा हक्क जैन रूढीच्या आधारे मान्य केला. बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ मध्ये जैन विधिग्रंथांचे संकलन प्रसिद्ध केले, त्यामागेही हेच वेगळेपण जपण्याची तळमळ होती.

श्रावकाच्या अणुव्रतांचा विचार केला, तर हा विषय आचारधर्माचाच आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत न्यासापहार आणि कूटलेखक्रिया यांचा समावेश आहे. विश्वासाने ठेवलेली ठेव दडपणे आणि खोटा लेख तयार करणे. बहिणीचा वाटा भावाच्या ताब्यात असतो तो ठेवीसारखाच. मागील तारखेचे वाटणीपत्र बनवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. आणि अनेकांत, म्हणजे प्रत्येक बाजूचा दृष्टिकोन ऐकल्यावाचून सत्याचे पूर्ण रूप कळत नाही हा विचार, पंचाच्या आसनावर बसणाऱ्यास जितका लागू पडतो तितका क्वचितच कोणास पडत असेल.

बैठकीची नवी शिस्त

पंचपरंपरा टिकवायची असेल, तर तिला काही शिस्त स्वीकारावी लागेल. ओंटारिओने ज्या गोष्टी कायद्याने सक्तीच्या केल्या, त्यांतील बऱ्याच समाज स्वेच्छेने करू शकतो. प्रत्येक वारसाला, विवाहित लेकींसह, पहिल्याच बैठकीचे निमंत्रण लेखी जावे. बोलणे सुरू होण्यापूर्वी कायद्यानुसार कोणाचा किती हिस्सा होतो, याचा तक्ता सर्वांच्या हाती द्यावा. ज्याला सोडायचे आहे त्याने निदान किती सोडतो ते जाणून सोडावे. प्रत्येक पक्षाने स्वतःच्या वकिलाचा सल्ला घ्यावा आणि बहिणीच्या वकिलाचा खर्च एकत्र मिळकतीतून व्हावा. पंचांत किमान एक स्त्री असावी. समाजात वकील, सनदी लेखापाल आणि शिक्षिका असलेल्या श्राविकांची वाण नाही.

पंचांनी बहिणीशी आणि आईशी भाऊ समोर नसताना एकदा तरी बोलावे. हक्क सोडायचा असेल तर सही आणि बैठक यांत महिनाभराचे अंतर ठेवावे, म्हणजे मायेने दिलेला शब्द महिन्यानंतरही कायम राहतो की नाही, हे कळेल. निर्णयाचा कागद मराठीत व्हावा, त्याची प्रत प्रत्येकाला मिळावी, आणि स्थावर मिळकतीच्या बाबतीत आवश्यक ती नोंदणी टाळू नये. ज्या घरात मारहाण किंवा धमकीचा इतिहास आहे, तेथे पंचांनी विषय हाती न घेता संबंधित स्त्रीला न्यायालय आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्यास साह्य करावे.

अशा शिस्तीने बैठका लांबतील, हे खरे. काही भावांना ती अविश्वासाची खूणही वाटेल. पण व्यापारात सख्ख्या भावाशीही हिशेब चोख ठेवण्याची शिकवण याच घरांनी दिली आहे; चोपडीत एका पैशाचा फरक निघाला तर रात्र जागवणारी ही माणसे आहेत. तीन एकरांचा फरक न पाहता चोपडी मिटवणे त्यांच्या रीतीत बसत नाही.

पर्युषणाची सांगता होते तेव्हा घरोघरी भावंडे एकमेकांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात. ज्या घरात वाटणीचा विषय वर्षानुवर्षे अबोल्यात अडकला आहे, तेथे या शब्दांबरोबर सातबाऱ्याचा उतारा आणि हिश्शांचा तक्ताही बहिणीपुढे ठेवला जावा. मग ती वाटा घेईल किंवा सोडील. निर्णय तिचा असेल, आणि माहेरचे दार दोन्ही वेळा तितकेच उघडे असेल.